बिनघोड्याची बंदूक

नगर जिल्ह्यातल्या आमच्या अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात त्यांना तोंडावर सगळे 'चाचा' म्हणायचे आणि पाठीमागे 'घोडेचोर'. बंदुकीचा जो घोडा दारूच्या टोपीवर आपटतो आणि बार उडतो, तो घोडाच हे बंदुका दुरुस्त करणारे गृहस्थ काढून पिशवीत टाकायचे. बंदूक मालकाच्या घरी, घोडा पिशवीत, आणि चाचा नगरला! नवा स्क्रू करून ते परत येईपर्यंत बंदूक म्हणजे नुसती काठी. माणसं संतापणार नाहीत तर काय करतील? रानडुकरं काही चाचांसाठी थांबत नसत.

ते यायचे दसरा झाला की. ठासणीच्या बंदुका पूजेला मांडायच्या म्हणून लोक आदल्या दिवशी त्या खोलून तेलपाणी करत आणि परत जोडताना हमखास घोळ घालत. जुन्या बंदुकांच्या स्क्रूंना हातानं पाडलेले आटे. एकाच्या भोकात दुसरा चालायचा नाही. दिसायला मात्र सगळे सख्खे भाऊ. चाचा कपाळाला हात लावून म्हणायचे, "पूजा करा की, पन खोलता कशाला रं बाबांनो? द्येव फुलं मागतो, इस्क्रू न्हाई मागत."

बंदूक ते कधी कुणाच्या हातातून घेत नसत. "आधी भुईवर ठिवा," हे पहिलं वाक्य. मग नळीत गज घालून बघणार, नळीचं तोंड भिंतीकडे करणार आणि तेव्हा कुठे मांडी घालून बसणार. चहा पुढ्यात गार व्हायचा. काम झाल्याशिवाय ते कपाला शिवत नसत. आई चिडायची.

पण घोडे नेण्याची खोड पहिल्यापासूनची नव्हती. ती आमच्या घरापासून लागली.

दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. वडील गेल्यावर शेत दादाच बघायचा आणि बंदुकीचा परवानाही त्याच्याच नावावर झाला होता. वय कोवळं, हट्ट मात्र दांडगा. त्या दसऱ्याला त्यानं बंदूक खोलली आणि लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी घातला. बसेना, तेव्हा सांडशीनं पिळला. आटे मेले. चाचांनी घोडा अर्धा चढवला आणि अंगठ्यानं हळूच दाबला. खट्! घोडा पडला. अर्धा चढवलेला घोडा पडता कामा नये. भरलेली बंदूक माणूस त्याच्याच भरवशावर घेऊन हिंडतो.

"इस्क्रूचं टोक आत खटक्याला टेकतंय. घोडा खाचेत बसतच न्हाई," चाचा म्हणाले. "नगरला जाऊन जाडा इस्क्रू करून आनतो. तवर दारू ठासायची न्हाई."

बंदूक त्यांना नेता येईना, परवाना दादाचा. दादा म्हणाला, "न्हाई ठासत चाचा. शबूद दिला." चाचांनी शब्द घेतला आणि ते गेले.

भात पिकून पिवळं झालेलं. एका तिन्हीसांजेला डुकरं खाचरात शिरली. दादानं बार भरला, घोडा अर्धा चढवला, बंदूक खाचरातल्या राखणीच्या माळ्याला टेकवून ठेवली आणि आधी स्वतः वर चढला. मग वाकून तिची नळी धरली आणि तिला वर ओढलं. घरात आम्ही आवाज ऐकला. आईला वाटलं, डुक्कर पडलं. "लागलं वाटतं," असं ती म्हणालीसुद्धा.

चाचा आले तेव्हा दादाचा दहावा उरकला होता. नवा स्क्रू रुमालाच्या गाठीत होता. बंदूक फौजदार घेऊन गेले होते, त्यामुळे बसवायला काही उरलंच नव्हतं. रडून रडून आईचा आवाज बसला होता. ती एवढंच म्हणाली, "चाचा, जाताना त्यो घोडा तेवढा काढून न्यायचा हुता हो."

"व्हय आक्का," चाचा म्हणाले. "न्यायचा हुता." त्यांनी स्क्रू पुन्हा रुमालात बांधला. त्या दिवसानंतर बिघडलेल्या बंदुकीवर घोडा त्यांनी कधी ठेवला नाही.

पुढे माझं लग्न झालं. सासरीही बंदूक होतीच. स्वातंत्र्य आलं त्याच्या पुढच्या वर्षी, दसऱ्यानंतर चाचा तिथं आले. बंदूक पाहिली, स्क्रू चुकीचा निघाला, घोडा काढला. मामंजी भडकले. "माज्याच दारात बसून माजाच घोडा नेतूस व्हय रं म्हाताऱ्या? चोर म्हनत्यात ते उगीच न्हाई!"

चाचा मान खाली घालून ऐकत होते. "परत आनतो, पाटील," एवढंच म्हणाले. खरं कारण सांगितलं असतं तर मामंजी जागच्या जागी गार झाले असते. पण कुठल्याच गावात ते त्यांनी सांगितलं नव्हतं. चोर म्हणवून घेत हिंडत होता तो माणूस! सुनेनं सासऱ्यापुढं बोलायचे ते दिवस नव्हते, तरी पदर सावरून मी उंबऱ्यात आले.

"मामंजी, नेऊ द्या त्यांना. माजा भाऊ असल्याच बंदुकीनं गेला. तवा घोडा घरी राह्यला हुता."

चाचांनी वर पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, आणि रागही आला होता.

"पोरी, कशाला बोललीस गं?" ते म्हणाले. "त्यानं शबूद मोडला, हे कुनाला कळू दिलं नव्हतं मी."

त्याच हिवाळ्यात चाचा नगरला तापानं गेले. आमचा घोडा तिकडेच राहिला. बंदूक अजून भिंतीवर आहे, दसऱ्याला मी तिला झेंडूची माळ घालते. एकदा नवऱ्यानं दुसरा घोडा बसवायची गोष्ट काढली.

"कशाला? चाचा आणतील की," मी म्हटलं.

चाचांना जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. ते त्यालाही माहीत होतं. त्यानं परत विषय काढला नाही.