गिअरबॉक्स बदलला तो दसरा

आमचे हे फौजेत रणगाडा चालवायचे. पेन्शन घेऊन कोरेगावला आले, आणि काही वर्षांतच उजव्या हाताला कंपवात लागला. आधी नुसती चहाची बशी वाजायची. मग शर्टाची बटणं लागेनात. साताऱ्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि स्पष्टच सांगितलं, वाढणं हळू करता येईल, थांबवता येणार नाही. घरी येताना एसटीत हे म्हणाले, "डाक्टर पोरगं हाय अजून, त्याला काय कळतंय."

पुण्याच्या लेकाला सुचलं म्हणून त्यानं रिमोटवर चालणारा रणगाडा पाठवला. चांगला मोठ्या बोक्याएवढा. रिमोटला दोन दांड्या, डावी डाव्या पट्ट्याची, उजवी उजव्या पट्ट्याची. दोन्ही सारख्या ढकलल्या की गाडी सरळ जाते, एक मागं ओढली की वळते. खऱ्या टँकमध्येही असेच दोन लिव्हर असतात म्हणे. ह्यांनी रिमोट हातात घेतला आणि माणूस बदलला की हो! पाठ ताठ, हनुवटी वर. पायरीवर बसून अंगणभर गाडी फिरवायची आणि मला ओरडून सांगायचं, "बाजूला हो, टँक येतोय!" मी ब्लाऊज शिवत बसलेली असायची. म्हणायची, "येऊ द्या, चिरडून टाका एकदाची." पण मनातून मला लय बरं वाटायचं. पुष्कळ दिवसांनी घरात कुणीतरी आरडाओरडा करत होतं.

गाडी सरळ मात्र जायची नाही. उजवीकडं अडखळायची. हे म्हणायचे, "गिअरबॉक्स भिकार हाय. प्लास्टिकचा हाय." मग एक दिवस उजवा पट्टा थांबलाच. आत मोटर नुसती ओरडतेय, चाक ढिम्म.

उघडायचं काम माझ्याकडं आलं. शिलाईमशीन मी आजवर स्वतःच उघडलंय, मेकॅनिकची कधी वाट बघत बसले नाही. स्क्रू काढून पोट उघडलं, तर आत दोन डब्या, एकेका पट्ट्याला एकेक. उजव्या डबीतल्या चाकाचे दात झिजून गेलेले. चाक बोटात धरून नीट बघितलं. गाडी पुढंच जात असली तर दात एका अंगानं झिजतात. हे दात दोन्ही अंगांनी खाल्लेले होते. पुढं-मागं, पुढं-मागं, सारखं. हातातली थरथर दांडीवाटे खाली उतरून प्लास्टिक कुरतडत होती.

"काय म्हणतोय गिअरबॉक्स?" ह्यांनी विचारलं.

"भिकार हाय," मी म्हणाले. "तुमी म्हणताय तसाच."

दुसरं काय म्हणणार होते?

लेकानं तसलंच प्लास्टिकचं चाक धाडलं, ते मी बसवलं, पण त्यानंतर ती आमच्या घरातली रीतच झाली. गाडी वाकडी गेली, गिअरबॉक्स. पायरीला धडकली, गिअरबॉक्स. धाकटे दीर एकदा हसत हसत बोलून गेले, "वैनी, नाचता येईना अंगण वाकडं!" मी त्यांना चहा न देता घालवलं. भाऊ असला म्हणून काय झालं, बोलायला काही काळवेळ?

तेही चाक झिजायला लागलं, तेव्हा लेकाला परत फोन केला. तो म्हणाला, "आई, लोखंडी गिअरबॉक्स मिळतो, मोठ्या ताकदीच्या मोटरी मिळतात. एकदा बसवलं की आयुष्यभर बघायला नको." ह्यांनी ते ऐकलं, झालं! लहान पोरासारखी वाट बघायला लागले. दसरा तोंडावर आलेला. आमच्याकडं दसऱ्याला गावातली माणसं शीव ओलांडून आपट्याचं सोनं आणतात. ह्यांना आता तेवढं चालवत नाही. गेल्या दसऱ्याला हे घरातच बसून होते, कुणी आलं की नुसता हात पुढं करायचे. ह्या वर्षी ह्यांचं ठरलं. अंगणाच्या तोंडाशी जो मातीचा बांध आहे, तीच आपली शीव. नव्या गिअरबॉक्सवर टँक बांधापलीकडं न्यायचा, त्याच्यावर आपटा ठेवून आणायचा आणि आलेल्या माणसांना आपल्या हातानं सोनं द्यायचं. चार ठिकाणी फोन करून सांगूनसुद्धा झालं.

सामान नवमीच्या आदल्या दिवशी आलं. हातात घेतलं तर वजनदार, गार. दात कसे कातीव! मी काम सुरू केलं. मोटरीचं दातेरी टोक आणि गिअरचं चाक ह्यांच्यात किती फट ठेवायची ह्यातच सगळं कसब आहे. घट्ट बसलं तर अडकतं, सैल राहिलं तर दात खातं. लेकानं फोनवर सांगितलं, मधे कागद घालून स्क्रू आवळ आणि मग कागद ओढून काढ. मी ब्लाऊजच्या कटिंगचा पातळ कागद घातला. मशीनचं तेल पातळ, उडून जातं, म्हणून ग्रीस भरलं. पहिल्यांदा वायरी उलट्या लागल्या आणि गाडी जागच्या जागी गरगरा फिरायला लागली. दोघं पोट धरून हसलो. ते हसणं मला अजून आठवतं.

नवमीला सकाळी मी ओट्यावर चालवून बघितली. आधीच्या मोटरींना दांडी बरीच ढकलावी लागायची, तेव्हा कुठं त्या जाग्या व्हायच्या. ह्या नुसतं बोट टेकलं तरी निघायच्या. गाडी फूटपट्टीनं आखल्यासारखी सरळ गेली.

"आवं, घ्या, चालवून बघा."

ह्यांची अंघोळ झालेली. कपाळाला गंध. रिमोटकडं बघितलं, पण हात मागं घेतला. "आदी पूजा. हत्यार पुजलं की दसऱ्यालाच उचलायचं. युनिटमधी पण आमी तसंच करायचो."

मग पाटावर माझी कात्री, शिलाईमशीनचं चाक, ह्यांचा जुना बेल्ट आणि मधोमध रणगाडा. वर झेंडूची माळ. तोफेला कुंकू ह्यांनीच लावलं, डाव्या हातानं.

दसऱ्याला संध्याकाळी माणसं आली. दीर, शेजारचे, फौजेतले दोघे जुने सोबती. हे इस्त्रीचा शर्ट घालून पायरीवर बसले. रिमोट घेतला. दोन्ही दांड्यांवर अंगठे ठेवले.

आणि गाडी थरथरायला लागली.

पुढं जाईना, मागं येईना. उजवा पट्टा टकटक, टकटक करत जागेवर हलत होता. अगदी ह्यांच्या अंगठ्याच्या तालावर. ढिला गिअरबॉक्स आणि सुस्त मोटर इतके दिवस सगळं पोटात घालत होते. आता लोखंड होतं. ते काही लपवेना. हातात जे होतं ते सगळं खाली मातीत दिसायला लागलं. वरची माळसुद्धा हलायला लागली.

सगळे गाडीकडं बघत होते, कारण ह्यांच्या हाताकडं बघायची कुणाची हिंमत नव्हती. दीरच शेवटी म्हणाले, "दादा, नवीन माल हाय. गिअर बसायला येळ लागंल."

"व्हय, व्हय," बाकीचे म्हणाले.

"न्हाई," हे म्हणाले. "गिअरबॉक्स एकदम बरोबर हाय."

मला रडू फुटत होतं आणि त्याहून जास्त राग आला होता. लेकाचा, त्या लोखंडाचा, डॉक्टरचा. कुणाकुणाचा करणार! आता आमच्याकडं दोष द्यायला काहीच उरलं नव्हतं. मी काय करू शकत होते? परत प्लास्टिक बसवलं असतं, तरी ह्यांना कळलेलं होतं.

ह्यांनी रिमोट माझ्यापुढं धरला. "तू ने."

"मी न्हाई."

"अगं ने. माणसं थांबल्यात."

मी घेतला. गाडी निघाली, ती सरळ. बांधाकडं चालली तशी सरळ, चढावावर सुद्धा तसूभर हलेना. मला ते बघवेना. मी मुद्दाम उजवा अंगठा हलवला, थोडासाच. गाडी जरा डगमगली, वाकडी झाली. मी म्हणाले, "हे बघा, माझ्याच्यानंपण जाईना. गिअरबॉक्सच..."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. डोळे गाडीवरच होते. हळू, मला एकटीला ऐकू जाईल असं म्हणाले, "सरळ चालव. तुझा हात चांगला हाय."

मी सरळ चालवली.