पार्किंगमधला नळ

मावशींनी किचनचा नळ उघडला, ओंजळ भरून पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "पाणी ग्वाड हाय. हे बोअरचं नाय."

माझ्या हातातला पाना निसटला. नवी फरशी फुटली नाही, हे नशीब.

मी प्लंबर आहे. हर्सूलच्या बाजूला एका नव्या बिल्डिंगमध्ये तेव्हा आमचं काम चालू होतं. तिथल्या बोअरचं पाणी जड. नव्या नळावरसुद्धा पंधरा दिवसांत पांढरा थर बसायचा. उन्हाळ्यात तर बोअर नुसता हवा ओढायचा. त्या दिवशी वरच्या टाकीत टँकरचं पाणी होतं. सकाळी मीच चढवलं होतं. गिऱ्हाईक फ्लॅट बघायला यायचं असलं की ऑफिसातून निरोप यायचा आणि मी टाकी भरून ठेवायचो. फ्लश, शॉवर, बेसिन, सगळं जोरात चालायचं. लोक खूश होऊन जायचे.

त्या दिवशीचं गिऱ्हाईक म्हणजे या मावशी, पिशोर गावच्या. त्यांचा मुलगा गणेश बिडकीनकडं कंपनीत कामाला. घराण्यातला शहरातला हा पहिलाच फ्लॅट. आठ दिवसांवर मुहूर्त होता. दूध उतू घालायचं, जेवण घालायचं. पाहुण्यांसाठी जीप सांगून झाली होती, आचारी सांगून झाला होता. ताबापत्रावरची सही तेवढी राहिली होती.

ही चूक मी इथं पुष्कळ घरांत पाहिली. घर तयार आहे का हे बघायच्या आधी भटजींना विचारतात. मग तारीख जवळ आली की बिल्डर म्हणेल तिथं सही करतात, कारण भावकीला आवतण गेलेलं असतं. ताबापत्र म्हणजे घर सगळ्या सोयींसकट मिळालं, असं तुम्ही लिहून देणं. ते दिलं की बँक शेवटचा हप्ता सोडते. त्यानंतर बिल्डरला तुमचा फोन उचलायचं काही कारण उरत नाही.

सेल्सचे साहेब हसून म्हणाले, "मावशी, महापालिकेची लाइन आहे आपल्याला. पाइपसुद्धा टाकलाय. काय रे, टाकलाय ना?"

"टाकलाय," मी म्हणालो.

खोटं नव्हतं. पाइप टाकला होता. कंपाउंडच्या भिंतीबाहेर हातभर नेला होता. पुढं जोडायला काही नव्हतं, म्हणून त्याच्या तोंडाला मीच कॅप लावली होती आणि वर माती ओढली होती. बिल्डिंगला भोगवटा प्रमाणपत्र मिळालं नव्हतं. इमारत राहण्याजोगी झाली, असा महापालिकेचा तो कागद. तो नव्हता म्हणून कनेक्शन अडलं होतं.

मावशींनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. "कुठला रं तू?"

"भंडाऱ्याकडचा."

"लई लांब आलास बाबा. आई हाय का?"

"आहे."

एवढंच बोलणं झालं. पण मला पुढं काम सुचेना. आमच्या घरी अंगणात गोड्या पाण्याची विहीर आहे. पावसाळ्यात दोरी लागत नाही, वाकून तांब्या बुडवायचा. घर मातीचं आहे, पण पाणी आहे का, असं त्या घरात कुणी कधी विचारलं नाही. इथं मी दिवसभर लोकांच्या घरात पाणी खेळवतो आणि खोलीवर जाऊन ड्रमचं झाकण उचलून बघतो, किती उरलं.

तरी मी गप्प राहिलो असतो. कारण उस्ताद. नववीत शाळा सोडून मी एका ओळखीच्या माणसामागं इथं आलो. तो माणूस आठ दिवसांत गायब झाला. उस्तादांनी गोदामात झोपायला जागा दिली, हातात पाना दिला. भाभींनी वर्षभर जेवू घातलं. या साइटचं कंत्राट त्यांचं होतं. मी बोललो तर काम त्यांचं जाणार होतं.

मायलेक खाली उतरले. मीही पाइप आणायच्या निमित्तानं उतरलो. गणेश गाडीला किक मारत होता. मी हळूच म्हणालो, "दादा, सही करू नका. परवा सकाळी या, पण ऑफिसात कळवू नका. वर जायची गरज नाही. पार्किंगमधला नळ तेवढा उघडून बघा."

"का? काय झालं?"

"बघा तर खरं."

एवढं बोलून मी पाइप उचलला आणि वर गेलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मायलेक आले. टँकरचं पाणी तोवर संपलं होतं. मावशींनी नळ फिरवला. आधी फुर्रकन हवा आली, मग दोन थेंब, मग तेही नाही.

"ह्यो तर नुस्ता शिंकतोय!" मावशी म्हणाल्या आणि वळून माझ्याकडं आल्या. "आता सांग. पाइप टाकलाय म्हनला व्हतास ना? कुठंय?"

मी त्यांना भिंतीबाहेर नेलं. हातानं माती बाजूला केली आणि कॅप दाखवली. गणेशचा चेहरा उतरला. मावशी मात्र खाली बसल्या आणि त्या कॅपवर बोटानं टकटक केलं, नारळ बघतात तसं.

"गण्या, जीपवाल्याला फोन लाव. नगं म्हन."

"आई, मुहूर्त..."

"मुहूर्तावर आंघोळ करतुस का?"

दुपारी उस्ताद ऑफिसातून साइटवर आले. "तूने बोला उनको?"

"जी उस्ताद."

"पहले मेरेको बोलना था ना."

"तुम्ही नको म्हणाला असता."

त्यांनी आटे पाडायच्या मशीनवर पाइप चढवला. "हां. नक्को बोलता मैं," म्हणाले आणि कामाला लागले.

पुढच्या विंगचं काम आम्हाला मिळालं नाही. उस्तादांनी मला ते कधी ऐकवलं नाही. भाभींनी दोनदा ऐकवलं.

गणेशनं लेखी कळवलं: आधी भोगवटा आणि नळाचं कनेक्शन, मग सही. शेवटचा हप्ता अडकल्यावर बिल्डरची धावपळ सुरू झाली. तरी सात महिने गेले. पिशोरला भावकी हसली. "फ्लॅट घेतला म्हनं, दिसंना तर कुठं," असं मावशींना तोंडावर ऐकावं लागलं. कनेक्शन मंजूर झालं तेव्हा मावशींनी हट्टानं मलाच बोलावलं. मी कॅप कापून काढली, लाइन जोडली. पाणी आलं त्या दिवशी तिथी कोणती होती, कुणी बघितलं नाही. मावशींनी गॅसवर दूध ठेवलं, उतू जाऊ दिलं आणि उरलेल्याचा पहिला चहा मला दिला.

आता लोक घर बघायला जाताना मला सोबत नेतात. मी एवढंच सांगतो: घर दोनदा बघा. एकदा सांगून, एकदा न सांगता. आणि मुहूर्त सगळ्यात शेवटी काढा.

दर रविवारी आईचा फोन येतो. "तुजा घर कवा होते गा?"

"बघतोय, आई."

खरंच बघतो. सांगून जातो, मग न सांगता जातो. पार्किंगमधला नळ उघडतो, ओंजळ भरतो, पितो. आणि पुन्हा पुढचं घर बघायला निघतो. चव काही जुळत नाही. ती कुठल्या पाण्याशी जुळवून बघतोय, ते आईला अजून सांगितलेलं नाही.