ठप्पेकाकांचं आठवं नाणं

टपाल कचेरीत एकतीस वर्षं पाकिटांवर शिक्के मारून निवृत्त झालेल्या माणसानं घरी बसून करायचं तरी काय? ठप्पेकाकांनी भिंग विकत घेतलं. त्या दिवसापासून घरातल्या चिल्लरीला म्हणून सुख राहिलं नाही.

कुठंतरी त्यांच्या वाचनात आलं होतं, की नाणी पाडायचा साचा घडवतानाच कधी कधी आकडे जरासे हटून दोनदा उमटतात. मग त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक नाण्यावर आकडा जुळ्या भावांसारखा दिसतो, आणि जमवणारी मंडळी अशा नाण्यासाठी जीव टाकतात. काकांना दोन आठवड्यांत तशी सात सापडली. एवढ्यावरून तरी त्यांनी ओळखायला हवं होतं.

सातही त्यांनी घड्याळजींना दाखवली. घड्याळजी म्हणजे नाण्यांच्या बाबतीत गावाचं वरचं कोर्ट. दर रविवारी सकाळी त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात शौकीन जमत. खरं ठरलेलं नाणं एका जाड वहीत चढे, शेजारी शोधणाऱ्याचं नाव, आणि त्याखाली ‘तपासले’ असा रबरी शिक्का. काकांचा जीव त्या वहीत अडकला होता. पण घड्याळजी डोळ्याला भिंग लावत आणि एकच शब्द बोलत, “सरकलं.” म्हणजे साचा चांगलाच, फक्त ठोका पडताना तो हलला आणि आकड्याची कड पायरीसारखी चपटी घासली गेली. असली नाणी पैशाला पासरी. सातव्या वेळी कोपऱ्यातला शिंपी म्हणाला, “काका, नाणी राहू द्या, चष्म्याचा नंबर तपासून घ्या.” मंडळी पोट धरून हसली. काकाही हसले, पण आत कुठंतरी लागलं. जन्म गेला ठसे बघण्यात, आणि ठशातच नापास व्हावं?

आठवं नाणं सापडलं तेव्हा त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. सालातला शेवटचा सात दुहेरी होता. कड चपटी नव्हती. दोन्ही सात चांगले गोल, उठावदार, आणि टोकाशी दोघांच्या मधे बारीकशी खाच. काकांनी ते स्वयंपाकघराच्या खिडकीत उपड्या बशीखाली ठेवलं आणि रविवारकडे डोळे लावले. शनिवारी सकाळी पाहतात तर बशी उताणी.

“ते होय,” काकू पीठ मळता मळता म्हणाल्या, “लिंबं घेतली त्याची.”

“अगं, जपून ठेवलं होतं ते.”

“बशीखाली? अहो, बशीखाली मी दुधाचे सुटे ठेवते, लग्न झाल्यापासून. जपायचं होतं तर गळ्यात बांधायचं.”

काका डाव्या पायात उजवी चप्पल घालून कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे पोचले. तिनं गल्ल्याचा डबा पुढं केला, पण चिरलेली लिंबं परत घेणार नाही हे आधीच बजावलं. काकांनी पोत्यावर चिल्लर पसरली, भिंग काढलं आणि बसकण मारली. गिऱ्हाइकं त्यांना ओलांडून बटाटे घेऊ लागली. एका आजीबाईंनी तर, काय हरवलंय हे न विचारताच, त्यांच्याबरोबर शोधायला सुरुवात केली.

नाणं सापडलं. काकांनी हुश्श केलं, उठले, आणि तेवढ्यात आजीबाईंनी आणखी एक त्यांच्या हातावर ठेवलं. तसाच सात, तशीच खाच, त्याच जागी. काकांना घाम फुटला. यातलं आपलं कोणतं? उलटंपालटं करून पाहिलं, उन्हात धरून पाहिलं. दोघांत तसूभर फरक दिसेना.

आणि तिथंच, बटाट्यांच्या ढिगाशेजारी, त्यांना कचेरीतली एक दुपार आठवली. तुमचा हात हलतो, शिक्का डबल उठतो, म्हणून पोस्टमास्तर तडकले होते. काकांनी दोन पाकिटं त्यांच्यासमोर शेजारी शेजारी ठेवली होती. हात हलला तर प्रत्येक ठसा आपापल्या परीनं बिघडतो; सगळे एकसारखेच बिघडले तर खोट शिक्क्यातच. पोस्टमास्तरांनी निमूटपणे नवा शिक्का मागवला होता.

काकांनी दोन्ही नाण्यांच्या जागी दुसरी दोन दिली आणि वर गरज नसताना डझनभर लिंबं घेतली.

रविवारी त्यांनी घड्याळजींसमोर दोन्ही नाणी ठेवली, अगदी त्या पाकिटांसारखी. घड्याळजींनी भिंग लावलं. एक पाहिलं, दुसरं पाहिलं, पुन्हा पहिलं पाहिलं. शिंप्याचा चहा हातातच राहिला.

“यातलं तुम्हाला आधी सापडलं ते कुठलं?”

“तेच तर सांगता येत नाही,” काका म्हणाले. “म्हणूनच आणलीत.”

घड्याळजी हसले आणि त्यांनी वही ओढली. नाव लिहून झाल्यावर त्यांनी शिक्का काकांच्याच हातात दिला. हे काम तुमचंच, म्हणाले. काकांनी लाखो वेळा मारला असेल तसा ठप्पा मारला. पण आनंदानं हात जरा थरथरला.

घड्याळजी वहीवर वाकले, त्यांनी त्या ठशालाही भिंग लावलं, आणि म्हणाले, “हे मात्र सरकलं, काका.”