जपानच्या आजींना, मीरा रोडहून सप्रेम

स्वस्त जागा शोधत पुढे पुढे सरकत राहणं हा आमच्या घराण्याचा एकमेव पराक्रम. आजोबा गिरगावात राहिले, वडिलांनी परळची खोली विकून मीरा रोडला पूनम सागरमध्ये वन-बीएचके घेतला आणि मी थेट किताक्यूशूला गेलो. टोकियोतही नोकरी मिळत होती, पण तिथलं घरभाडं ऐकून तो विचार सोडला. किताक्यूशू हे जपानच्या दक्षिणेकडचं जुनं पोलादाचं शहर. कारखाने कमी झाले, तरुण पोरं मोठ्या शहरांकडे गेली, घरं मात्र जिथल्या तिथे राहिली. तिथे मला दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि समुद्राची एक चिंधी दिसणारी गॅलरी मिळाली, तीही आईच्या इमारतीतले भाडेकरू देतात त्याहून कमी भाड्यात. मी हे ज्याला त्याला ऐकवत सुटलो. स्वस्त जागा स्वस्त का असते, हे मात्र मी कुणाला विचारलं नाही. तिथे माणसं नसतात म्हणून असते.

माझं घर डोंगराच्या उतारावर होतं. खालच्या रस्त्यापासून एकशे बारा पायऱ्या. गाडी वर येतच नाही. दोन्ही बाजूंच्या निम्म्या घरांना कुलपं, काहींच्या खिडक्यांतून वेल आत शिरलेले. मी एका कारखान्यात यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग्ज करायचो. ऑफिसातले लोक अतिशय सभ्य होते. इतके सभ्य की तीन वर्षांत एकानेही मला घरी बोलावलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांचा निरोप घेतला की सोमवार सकाळपर्यंत माझं तोंड बंद. मधल्या काळात दुकानातली मुलगी पिशवी हवी का विचारायची आणि मी नको म्हणायचो. शनिवारचं संभाषण ते एवढंच.

म्हणून रविवार. माझे दुपारचे दोन, आईचे साडेदहा. तिची पूजा आटोपलेली असायची आणि ती फोन साखरेच्या डब्याला टेकवून बसायची, म्हणजे मला तिचं कपाळ आणि पंखा दिसायचा. मी निघालो त्याच्या आदल्या वर्षी वडील गेले होते. वीस वर्षांच्या शेजारीणबाई, ज्यांना ती नुसतं 'बेन' म्हणायची, मुलाकडे बडोद्याला राहायला गेल्या होत्या. आता शेजारच्या दारात दर सहा महिन्यांनी वेगळ्या चपला दिसतात, असं ती सांगायची. मला तिने एकाच अटीवर जाऊ दिलं होतं.

"बाजूला कोण राहतं ते आधी बघ. परक्या ठिकाणी शेजार पाहिजे रे."

तिचा स्वतःचा शेजार डब्यातून उभा राहिला होता. मीरा रोडला आलो तेव्हा तिला इथे काळं कुत्रं ओळखत नव्हतं. बेनने एकदा ढोकळा पाठवला. आईने डबा घासून त्यात अळूवडी घालून परत दिला, कारण आमच्यात कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. बेनच्यातही करत नव्हते. मग काय, तो डबा वीस वर्षं दोन दारांमध्ये फिरत राहिला.

पहिल्याच हिवाळ्यात मला शेजार सापडला. माझ्या घराच्या जरा वर एक आजी एकट्या राहायच्या. एका सकाळी त्या पायऱ्यांवर रॉकेलचा कॅन घेऊन थांबलेल्या दिसल्या. तिकडे अजून खोली उबदार ठेवायला रॉकेलची शेगडी असते. मी कॅन उचलून वर नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी माझ्या दाराच्या मुठीला पिशवी लटकत होती. तिच्यात हिरव्या झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात मुळ्याचं पिवळंधमक लोणचं.

रविवारी आईला दाखवलं. तिला झालेला आनंद मी सांगू शकत नाही. "डबा रिकामा देऊ नकोस हं," ती म्हणाली. हे तिने सांगायची गरज नव्हती. मी रव्याचे लाडू केले. ते गोट्यांसारखे कडक झाले, तरी दिले. चार दिवसांनी डबा उकडलेली रताळी घेऊन आला. मी शिरा दिला. मग सोललेली गोड फळं आली, मी पोहे दिले. आई इकडून सूचना सोडत होती. तिखट कमी घाल, खोबरं घाल, आजींचे दात कसे आहेत ते बघ. आठ महिने हे चाललं. आजी आणि मी फारसं बोलत नव्हतो, माझं जपानी बेताचंच होतं. पण संध्याकाळी पायऱ्या चढताना दाराकडे बघायची मला सवय लागली. पिशवी दिसली की बरं वाटायचं. मी त्या शहरात सुखी होतो, असं त्या आठ महिन्यांपुरतं म्हणता येईल.

मग एका शनिवारी वस्तीच्या मंडळाचे प्रमुख आले. टोपी घातलेले म्हातारे गृहस्थ. दारातच उभं राहून, मोबाइलवर भाषांतर करत, चार चार वेळा वाकत त्यांनी सांगितलं की आजी फार आभारी आहेत. फारच आभारी आहेत. पण डॉक्टरांनी त्यांची साखर बंद केली आहे. शिवाय रिकामा डबा परत करणं त्यांच्याकडे बरं दिसत नाही, त्यामुळे दर वेळी माझ्यासाठी काहीतरी आणायला त्यांना या सगळ्या पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. आणि गुडघे दुखतात. त्यांना स्वतःला हे सांगता येत नाही. मी कृपया वाईट वाटून घेऊ नये.

मी वाईट वाटून घेतलं. भयंकर घेतलं. आधी राग आला, त्या टोपीवाल्यांचा, आजींचा, आईचाही. मग लाज वाटली. आठ महिने मी ज्याला माया समजत होतो ते त्या बाईंच्या गुडघ्यांवर चाललं होतं.

त्यांचा हिरव्या झाकणाचा डबा तेव्हा माझ्याकडेच होता. काही घालून दिला तर त्या पुन्हा पायऱ्या उतरणार. दिलाच नाही तर मी चोर. दोन दिवस तो ओट्यावर माझ्याकडे बघत होता. तिसऱ्या दिवशी घासून पुसून, रिकामा, त्यांच्या दाराला लटकवून आलो. जन्मात पहिल्यांदा कुणाचा डबा रिकामा परत केला. मग घरी येऊन स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो आणि रडलो. चाळिशीचा घोडा मी.

रविवारी आईने विचारलं, "काय दिलं रे आज आजींनी?"

"रताळी," मी म्हणालो.

एकदा म्हटल्यावर पुढे सोपं जातं. पुढचं दीड वर्ष मी दर रविवारी आजींच्या नावाने काही ना काही सांगत राहिलो. खोटं खरं वाटावं म्हणून शनिवारी दुकानातून भाजलेलं रताळं नाहीतर लोणचं आणून ते माझ्याच डब्यात मांडून ठेवायचो आणि आईला फोनवर दाखवायचो. आई म्हणायची, "किती करतात रे तुझं!" मी मान डोलवायचो. त्या दीड वर्षात आजी मला पायऱ्यांवर भेटायच्या, खूप वाकून नमस्कार करायच्या आणि पुढे जायच्या.

मध्ये पंधरा दिवसांच्या सुट्टीवर मीरा रोडला आलो, तेव्हा आईने टेबलावर एक नवा कोरा स्टीलचा डबा ठेवला. झाकणावर मशीनने कोरलं होतं, 'जपानच्या आजींना, मीरा रोडहून सप्रेम'.

"भाईंदरच्या बाजारात घेतला," ती म्हणाली. "तो भांडीवाला विचारतो, आंटी, नाम क्या डालूँ? आता नाव कुठे माहितेय मला! म्हटलं, लिखो, जपानच्या आजींना. तर म्हणतो, जपान मतलब वो वाला जपान? म्हटलं, हां बाबा, वोही. पैसेच घेत नव्हता मेला, मी जबरदस्ती दिले."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तिचा चेहरा बघून मी म्हणालो, आजींना आवडेल. तिने डबा बेसनाच्या लाडवांनी गच्च भरला आणि बजावलं, "आजींच्या हातात दिलास की फोटो काढून पाठव."

ज्यांची साखर बंद आहे त्यांना लाडू कसे देणार? ते मी खाल्ले. रोज दोन, चहाबरोबर. दर रविवारी आई फोटोचं विचारायची आणि मी आजी लेकीकडे गेल्यात, आजींना सर्दी झालीय, असली कारणं द्यायचो. डबा संपला तसा मी हिय्या केला, तो धुतला आणि आजींचं दार वाजवलं.

मोबाइलवर लिहून नेलं होतं. 'आत काही नाही. परत काही द्यायचं नाही. आईला दाखवायला फक्त एक फोटो हवा.' आजींनी चष्मा लावून दोनदा वाचलं. डबा हातात घेतला, झाकण काढलं आणि आत खरंच काही नाही हे बघून त्या अशा हसल्या, की इतक्या दिवसांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. सुटका झाल्याचं हसू होतं ते. मी फोटो काढला. मग त्यांनी झाकणावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि काय लिहिलंय ते विचारलं. मी सांगितलं.

"आई एकटीच असते?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी मान हलवली, झाकण लावलं आणि डबा दोन्ही हातांनी मला परत दिला. रिकामा.

मी आईला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'आत्ताच दिला. लाडू बघून केवढ्या खूश झाल्या बघ.'

या वर्षी करार संपला आणि मी कायमचा परत आलो. फ्रिजवर तो फोटो होता. आईने स्टेशनजवळच्या स्टुडिओतून मोठा करून घेतला होता. मी बॅग उपसत होतो तेव्हा स्वेटरांमधून तो स्टीलचा डबा बाहेर आला. मी विसरलोच होतो. आईने तो उचलला आणि मांडणीवर बाकीच्या डब्यांशेजारी ठेवला. मी काहीतरी थाप मारायच्या तयारीने वर बघितलं आणि माझी नजर फोटोवर गेली. मोबाइलवर कधी लक्षात आलं नव्हतं. आजींच्या डाव्या हातात झाकण होतं, उजव्या हातात डबा माझ्याकडे कललेला, आणि त्याचा तळ लख्ख चमकत होता.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"फोटो आला तेव्हाच. रिकामा डबा दिसत नाही होय मला?"

"मग दर रविवारी विचारत का होतीस?"

आई मांडणीकडे तोंड करून डबे सारखे करत होती. "नाहीतर रविवारी आपण काय बोललो असतो?" ती म्हणाली.

आता आम्ही एकाच घरात राहतो. रविवारी साडेदहाला तिची पूजा आटोपते, मी पेपर घेऊन बसलेला असतो आणि दोघांपैकी कुणालाच काही सुचत नाही. बराच वेळ पंखा ऐकून झाला की ती स्वयंपाकघरातून विचारते, "काय दिलं रे आज आजींनी?"

"रताळी," मी म्हणतो.