बागेजवळचे पंजे

बागेलगतच्या ट्रॅकवर मला रोज एक निवृत्त वनरक्षक भेटतात. गालात खर्रा दाबून विचारतात, "भाऊ, आज पोट घरी काऊन नाई ठेवलं?"

शेजारी खाली दुकानं, वर फ्लॅट असं संकुल येणार, आणि आमचा ट्रॅक त्याच्या पार्किंगमध्ये जाणार, हे कळल्यावर मी नुसता हळहळलो. त्यांनी मात्र माझ्यादेखत ओल्या मातीत मूठ दाबली, पुढे चार बोटं टेकवली आणि वाघाचा हुबेहूब पंजा उमटवला. मोजणीवाले तो पाहून टेप तिथंच टाकून पळाले.

दुसऱ्या दिवशी तिथं आणखी पंजे दिसले.

"आजचे जास्त जमले," मी म्हणालो.

त्यांनी वाकून पाहिलं आणि माझा हात घट्ट धरला.

"भाऊ, हे माहे नाईत. पळू नका, हळूहळू मांगं सरका."