बिल्ला ज्याचा, माणूस तो

सोमा उबाळे आधी अंबरनाथच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होता. फाटकाशी लाकडी बोर्ड, त्यावर खिळे, आणि प्रत्येक कामगाराचा नंबर कोरलेला पितळी बिल्ला. आत येताना आपला बिल्ला आपल्याच हाताने खिळ्याला लावायचा, की लागली हजेरी. सोमा अकरा वर्षं त्या बोर्डाशी उभा राहिला. साहेबाला भ्याला नाही, युनियनलाही नाही.

चौऱ्याऐंशी साली कोंडाजी नावाच्या कामगाराचा बिल्ला खिळ्यावर दिसला आणि कोंडाजी मात्र जांभूळ गावात, घरी. बायको तापाने फणफणलेली. कुणीतरी दोस्तीखातर बिल्ला लावला होता. कोणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"सोमा, आईशपथ, मी सांगितलं नव्हतं रे."

"बिल्ला तुझा ना? मग माणूस तूच."

सोमाने रिपोर्ट लिहिला. कोंडाजीची नोकरी गेली. पाच वर्षांनी कारखान्यालाच टाळं लागलं, तेव्हा सगळ्यांची गेली.

मग सोमा कॅम्प पाच या सिंधी वस्तीत टहिलराम शेठच्या छापखान्यात लागला. पापड, अगरबत्ती यांची रॅपरं छापायची. तिथे कॉम्प्युटर आले तेव्हा सोमा पंचेचाळिशीचा. मांडीवर डिक्शनरी घेऊन जाडजूड पुस्तक वाचत शिकला. लोक हसले. हसू देत. सत्त्याण्णव साली चार कॉम्प्युटर एका वायरने जोडले, मध्ये सर्व्हर, त्यात सगळ्या गिऱ्हाईक पार्ट्यांची डिझाइनं. पासवर्ड मात्र सगळ्यांना मिळून एकच. दिवाळीला मॉनिटरला कुंकू लावून झालं की शेठ नवा पासवर्ड मोठ्याने सांगायचा आणि मग मिठाई वाटायचा.

"शेठ, ज्याला त्याला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड द्या. कोण कधी शिरलं ते सर्व्हर लिहून ठेवतो."

"अरे सोमा, अपने ही लोग हैं. घरातल्या माणसांना कोण कुलूप लावतं?"

"घराला रस्त्याकडे दार असतं ना, शेठ?"

महिनाभर डोकं खाल्ल्यावर शेठ तयार झाला, पण एका अटीवर. शेठ धरून पाचही जणांचे पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून भिंतीवरच्या शेठच्या आईच्या फोटोमागे ठेवायचे. कोई बीमार पड़ा तो काम रुकेगा क्या? सोमाचं डोकं तापलं. पण एवढं तरी झालं म्हणून गप्प बसला, आणि चिठ्ठी त्याने स्वतःच चिकटवली.

तीन महिन्यांनी एका अगरबत्तीवाल्याचं रॅपर, अजून न छापलेलं, दुसऱ्याच छापखान्यातून बाजारात आलं. सर्व्हरची नोंद उघडली. मंगळवार, दुपारी दीड, डिझाइन फ्लॉपीवर उतरवलेलं. नाव: सोमा.

"नाम इसका है, तो यही," शेठचा मेहुणा गोप म्हणाला. "निकालो इसको."

"ओ गोपभाई," टायपिस्ट मालिनी उसळली, "दीडला सोमाकाका माझ्यासमोर डबा खात होते. माझा अख्खा बोंबील खाल्ला त्यांनी!"

"बोंबील का सर्टिफिकेट मिलता है क्या?"

शेठने हात वर केला. "सोमा, तू बोल. तू म्हणालास नाही, तर माझ्यासाठी नाही."

सोमाला राग यायला हवा होता, तो आला नाही. लाज वाटायला हवी होती, तीही नाही. त्याला समोर कारखान्याचा तो बोर्ड दिसत होता, आणि त्यावर आपल्या नावाचा बिल्ला.

"मी नाही केलं," तो शेवटी म्हणाला. "कोंडाजीनेपण केलं नव्हतं."

"कौन कोंडाजी?"

सोमाने स्टुलावर चढून फोटोमागची चिठ्ठी काढली, फाडली. एकेकाला कॉम्प्युटरसमोर बसवलं. "नवा शब्द टाका. कुणाला सांगायचा नाही." आणि जो तो टाइप करेपर्यंत, अकरा वर्षं माणसांच्या तोंडाकडे बघत आलेला हा माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. गोपच्या वेळीसुद्धा.

सगळ्यात शेवटी शेठ बसला. "तुलाही नाही सांगायचा?"

"मलाही नाही."

झालं. नोकरी राहिली. चोर कोण ते कळलं नाही. त्यानंतर छापखान्यातून डिझाइन कधी बाहेर गेलं नाही, आणि एकाच्या नावावर दुसऱ्याने केलेलं कुणाला भोगावं लागलं नाही.

सोमा बदलापूरला शिरगावात राहतो. तिथून कोंडाजीचं जांभूळ काही लांब नाही. दर रविवारी तो चप्पल घालतो, नाक्यापर्यंत जातो, आणि भाजी घेऊन परत येतो.