बोडीपासचा

एकोडीच्या चौकातल्या त्या दुकानात पूर्वी रेडिओ दुरुस्त व्हायचे, आता मोबाईल होतात. माणूस तोच. हातात आलेला फोन अजूनही आधी कानाशी धरून हलवतो. गिऱ्हाइकाला तो नावाने नाही, घरावरून हाक मारायचा. कुणी ‘आंब्याखालचे’, कुणी ‘गिरणीमागचे’. बाबांचा रेडिओ आणायला जाणारा मी ‘बोडीपासचा’, कारण आमचं घर तलावाकाठी होतं. ते विकूनही आता जमाना झाला.

परवा एका लग्नासाठी पुण्याहून आलो आणि फोनची स्क्रीन फुटली, तसा त्याच्याच दुकानात गेलो. पिकल्या केसांनी काय ओळख द्यायची, म्हणून गप्पच राहिलो.

“चोरीची सेटिंग बंद करा, मंगच खोलतो,” तो म्हणाला.

चोराच्या हाती फोन उघडू नये म्हणून असलेली ती सेटिंग मी बंद करायला गेलो, तर फोन म्हणे, ही जागा ओळखीची नाही, तासभर थांबा. मला भलताच राग आला.

“कायले चिडता? बसा ना,” म्हणत त्याने स्टूल पुसून दिलं.

तासाभराने फोनने पुन्हा माझा चेहरा तपासला, मगच सेटिंग बंद झाली. त्याने स्क्रीन बसवली, फोन कानाशी हलवून पाहिला आणि माझ्या हातात दिला.

“घ्या, बोडीपासचे.”